सोजरबाईची उलाळ झालेली गाडी

सोजरबाई फोर्कलिफ्टखाली सापडून गेली, ही बातमी न्हावऱ्याकडून निघून भीमा ओलांडून वरवंडला पोचली तेव्हा माझ्या टपरीवरचा चहा अजून उकळला सुद्धा नव्हता. आमच्याकडं पाणी टँकरनं येतं, पण बातमीला पाइपलाइन आहे. झालं असं, की दुधाच्या गाडीच्या ड्रायव्हरनं रस्त्यावरून तिच्या यार्डात पाहिलं. मशीनखालून दोन पाय बाहेर आलेले, पायात निळी स्लीपर, हालचाल नाही. त्यानं पारगावच्या पुलापाशी एकाला सांगितलं, की बाईचे पाय तेवढे दिसतात. त्या एकानं केडगावात सांगितलं, की पाय तेवढे राहिलेत. वरवंडजवळ तिच्या माहेरच्या वस्तीवर बातमी गेली तेव्हा पाय सुद्धा राहिले नव्हते.

दुपारी एक जीप यार्डात येऊन थांबली. आतून तिचा भाऊ पोपट उतरला आणि त्याच्यामागून रडणाऱ्या बाया उतरल्या. एकीनं तर घाईघाईत पांढरी साडी नेसून घेतली होती. पोपट त्या निळ्या स्लीपरांपाशी बसला आणि त्यानं गळा काढला, "बाई, अगं माझे बाई, असं कसं गं केलंस."

मशीनखालून आवाज आला. तोंडात काहीतरी धरून बोलावं तसा. मग कुणीतरी थुंकल्याचा आवाज आला आणि शब्द नीट झाले.

"पोपट्या हाय व्हय? आलाच हायस तर तो बावीसचा पाना सरकव हिकडं. आन् त्या बायांना म्हनावं, रडायचंच आसंल तर सावलीला बसून रडा, ऊन लई हाय."

बाई मेली नव्हती. बाई तोंडात बॅटरी धरून क्लच बघत पडली होती, आणि तोंडात बॅटरी असली की सोजरबाई गप्प असते; हा योग दुर्मीळ असल्यामुळं लोकांचा गैरसमज झाला. पुढं आठवडाभर ती प्रत्येकाला विचारत होती, की माझ्यावर सगळ्यात जोरात कोण रडलं. पोपटाच्या बायकोचा नंबर खालून पहिला आला, हे ऐकून तिला अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

तुम्ही न्हावऱ्याहून चौफुल्याकडं कधी गेला असाल तर डाव्या हाताला सिमेंटच्या गोल कड्यांची रांग बघितली असेल. शोषखड्ड्याच्या, विहिरीच्या, टाकीच्या. त्या कड्या सोजरबाईच्या. शेजारची पत्र्याची टपरी माझी. कड्या बघायला आलेलं गिऱ्हाईक चहा माझ्याकडं पितं आणि तिच्याकडं जाऊन माझी ओळख सांगतं. ओळख सांगितल्यावर ती भाव वाढवते, हे मी कुणाला आधी सांगत नाही.

वय विचारू नये. पन्नाशी मागं पडली एवढं नक्की. साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट, डोक्याला टॉवेल, चष्मा दोरीनं गळ्यात. नवऱ्यानं हे यार्ड काढलं तेव्हा ती रांजणगावला एका कंपनीत पॅकिंगला होती, ठेकेदाराकडं. तिथं जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बाया डबा खायच्या आणि ही फोर्कलिफ्टच्या शिडीवर उभी राहून बघत बसायची. चालवणारा बिहारी होता. एक दिवस त्यानं कंटाळून तिला सीटवर बसवलं आणि म्हणाला, "भाभी, क्लच धीरे छोड़ो. अंडा समझ के." त्या दिवसापासून सोजरबाई मशीनशी हिंदीत बोलते. माणसांशी मराठीत. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "तिला हिंदीच कळती. शिकल्यालीच तशी हाय."

नवरा गेला, यार्ड हिच्या अंगावर आलं. कड्या उचलायला चार गडी लागायचे आणि चारांतले दोन रोज यायचे नाहीत. त्याच सुमारास त्या कंपनीनं बॅटरीवरची नवी मशिनं आणली आणि जुनी डिझेलची फोर्कलिफ्ट गवतात उभी केली. हिनं ती भंगाराच्या लिलावातून उचलली. इथल्या बाया गंठण करतात, हिनं हत्ती आणला. मी तेव्हा म्हणालो होतो, की सोजरबाई, ह्याला चारा काय घालणार? त्यावर तिनं माझ्या टपरीपुढची तिची कडी उचलून माझ्या दारात आणून ठेवली आणि जेवायला निघून गेली. कडी दुपारी परत उचलली गेली. तोवर मी मागच्या खिडकीतून चहा विकत होतो.

आता खरी गोष्ट.

तिच्या माहेरी, वरवंडजवळच्या वस्तीवर, नवा विहार बांधला. वर्गणीनं, अंगमेहनतीनं, चांगला प्रशस्त. काळ्या दगडाचा बुद्ध घडवायला दिला. पण आपल्या लोकांना स्लॅब टाकायची घाई फार. कामगार मिळाले, सेंट्रिंग मिळालं, म्हणून मूर्ती यायच्या आधीच वर स्लॅब टाकून मोकळे झाले. मग मूर्ती आली. ती एवढी वजनदार, की ट्रकमधून उतरवतानाच हायड्रा क्रेनची चाकं दबली. आणि हायड्राचा उंच दांडा स्लॅबखाली जाईना. मूर्ती अंगणात ताडपत्रीखाली, चौथरा आत छपराखाली, आणि मध्ये सगळी वस्ती डोकं खाजवत उभी.

सुमित तिथल्या मंडळाचा अध्यक्ष. कुरकुंभला कंपनीत नोकरीला, पोरगा चांगला, फक्त त्याला मिटिंग घ्यायचा नाद. त्यानं मिटिंग घेतली आणि ठरवलं, की बुद्धपौर्णिमेला तालमीतली पोरं बांबूवर मूर्ती आत नेतील. सोजरबाई माहेरपणाला आलेली, ती मागं बसली होती. तिथून बोलली.

"दगड हाय त्यो, पालखी न्हाई. बोटं जातील कुनाचीतरी. माझी गाडी बुटकी हाय, सरळ दारातनं आत जाती. मी बसविते."

सुमित हसला. "आत्या, ती भंगारातली गाडी. ऐन पौर्णिमेला बंद पडली म्हंजी?"

"पडली तर तितनंच भंगारात घालीन. आन् परत ह्या विहारापुढं गाडीच काय, तोंड बी घिऊन येनार न्हाई."

सगळी वस्ती ऐकत होती. असं बोलून ती घरी आली, आणि बुद्धपौर्णिमा पंधरवड्यावर आलेली असताना एक कडी उचलून वळवताना मशीन किंचाळली. चप्पल जळाल्यासारखा वास माझ्या टपरीपर्यंत आला. पेडल दाबलं काय, सोडलं काय, मशीन जागची हलेना. म्हणून बाई खाली शिरली होती, आणि म्हणून पोपट रडत आला होता.

रडून झाल्यावर पोपटानं तिची समजूत घातली. "बाई, सोड नाद. मी सुमितला सांगतो, बांबूवर घेऊ म्हनून."

"तू सांगून तर बघ."

पोपटानं जाऊन सांगितलंच. दुसऱ्या दिवशी वस्तीवर बांबू येऊन पडले, ही बातमीही मलाच आधी कळली आणि मी तिला ती चहाबरोबर दिली. तिनं चहा तेवढा घेतला.

मग तिनं सुदर्शनला बोलावलं. सुदर्शन न्हावऱ्याचा ट्रॅक्टर फिटर. त्यानं आजवर इतके ट्रॅक्टर तोडलेत की त्याला माणूस बघितला तरी मधून कुठं बोल्ट असतील असं वाटतं. ट्रॅक्टरचा क्लच बदलायचा तर ट्रॅक्टर पोटातून तोडावा लागतो. मध्ये ओंडके लावायचे, पुढचं धड पुढं ढकलायचं, मागचं मागं राहतं. त्यानं मशीनभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "वैनी, ह्यात काय न्हाई. ट्रॅक्टर तोडतो तशी तोडू."

"ट्रॅक्टर न्हाई ही."

"चाकं चारच हायेत न्हवं?"

पुढचा उंच सांगाडा आणि काटे काढून बाजूला ठेवले. पोटाखाली ओंडके रचले. पुढची चाकं, त्यांचा आस आणि गिअरबॉक्स हे सगळं एक धड धरून त्याचे बोल्ट सैल केले. यार्डाच्या कुंपणापाशी तोपर्यंत बरीच मंडळी जमली होती. कुणाला शेतावर जायचं होतं, कुणाला दवाखान्यात, पण सगळ्यांना आधी हे बघायचं होतं. सुदर्शननं शेवटचा बोल्ट काढला, गड्यांनी पुढचं धड ढकललं, आणि मशीन मागं बसली.

मागं बसली म्हणजे म्हैस बसते तशी. फोर्कलिफ्टच्या पाठीमागं ओतीव लोखंडाचा मोठा ठोकळा असतो. पुढं काट्यावर ओझं घेतल्यावर मशीन तोंडावर पडू नये म्हणून मागचं ते वजन. ट्रॅक्टरला असलं काही नसतं. पुढचं धड निघाल्याबरोबर त्या ठोकळ्यानं आपलं वजन दाखवलं. ओंडके जिथल्या तिथं राहिले, मशीनचं तोंड आभाळाकडं गेलं आणि बूड जमिनीला टेकलं. खाली पाण्याची प्लास्टिकची टाकी होती, तिची चटणी झाली. सुदर्शन कड्यांच्या रांगेपर्यंत पळाला होता. माणूस कुणी दुखावलं नाही, पण कुंपणावरून अशी हसण्याची लाट आली की विचारू नका. कुणी म्हणालं, "सोजरबाई, आता हिला नमस्कार करा, देवाकडं बघती." कुणी म्हणालं, "सुमितला फोन लावा, आनखी बांबू मागवा म्हनावं."

सोजरबाई कमरेवर हात ठेवून मशीनकडं बघत उभी होती. मला वाटलं आता सुदर्शनचं काही खरं नाही. पण ती त्याच्याशी बोललीच नाही. ती मशीनला म्हणाली, "अच्छा. ऐसा है क्या." मग आमच्याकडं वळली.

"ही उलाळ झाली."

बैलगाडीत ओझं मागं जास्त झालं की जू बैलांच्या मानेवरून वर उठतं, गाडी उताणी पडू बघते. त्याला उलाळ म्हणतात. आता बैलगाड्या राहिल्या नाहीत, पण कुंपणापाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या बापाची गाडी कधी ना कधी उलाळ झालेली होती, आणि अशा वेळी काय करतात हे प्रत्येकाला ठाऊक होतं. गाडीतली माणसं पुढं सरकून धुरेवर बसतात. कुणालाही हे सुचलं नव्हतं, कारण सगळे हसत होते.

"हसून झालं आसंल तर या आत," सोजरबाई म्हणाली. "धुरेवर बसा."

"आम्ही?"

"मग काय बैलांना बसवू? बातमीदार, तुम्ही पैले. ते पोट कवातरी कामाला येऊ द्या."

बातमीदार म्हणजे मी. मी म्हणालो, टपरी उघडी आहे. ती म्हणाली, टपरीवरचं गिऱ्हाईक सगळं इथंच उभं आहे. ते खरं होतं. म्हणून मी चढलो. माझ्या पाठोपाठ एकेकाला तिनं नाव घेऊन वर बसवलं. जो ज्या टोमण्याचा, त्याला त्या मापानं पुढं. देवाकडं बघते म्हणणाऱ्याला तिनं अगदी टोकाला बसवलं. आम्ही पक्ष्यांसारखे रांगेत बसलो आणि मशीनचं तोंड हळूहळू खाली येऊ लागलं. ओंडक्यांवर टेकलं तेव्हा आमच्यातल्या एकानं उतरायला पाय टाकला.

"हालू नगासा," सुदर्शन ओरडला. आता त्याचा आवाज परत आला होता. "कड्या बांधूस्तवर कुनी हालू नगासा."

मग गड्यांनी तिच्याच सिमेंटच्या कड्या आणून पुढच्या बाजूला साखळीनं बांधल्या. एक कडी चढली की आमच्यातला एक उतरायचा. मी सगळ्यात शेवटी उतरलो. त्यावरून माझ्या वजनाबद्दल गावात जे बोललं जातं ते अतिशयोक्त आहे, एवढंच इथं नोंदवतो.

पुढचं धड बाजूला झाल्यावर क्लच उघडा पडला. प्लेटवर अस्तर म्हणून काही राहिलंच नव्हतं, नुसत्या रिबिटांची डोकी. त्या डोक्यांनी मागच्या फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जाड लोखंडी चकतीला, गोल गोल चरे पाडले होते आणि उष्णतेनं तिच्यावर निळे डाग आले होते. सुदर्शन म्हणाला, ह्याच्यावर नवी प्लेट घातली तर तीही खाल्ली जाईल आणि मशीन उचलताना थरथरंल. चकती काढून शिरूरला लेथवर घासून आणली पाहिजे.

थरथरंल हा शब्द सोजरबाईनं ऐकला. काळ्या दगडाचा बुद्ध हातात असताना थरथरून चालणार नव्हतं.

बोल्ट काढले, पण चकती बसली ती बसलीच. गंजानं धरून ठेवली होती. सुदर्शननं घण उचलला. सोजरबाईनं दांडा वरच्यावर धरला.

"हानू नगो. तडा गेला तर पौर्णिमेच्या आत दुसरी कुठं मिळनार हाय?"

"मग काय आरती करू?"

"साचा कसा सोडिते मी?"

सुदर्शननं कपाळाला हात लावला, पण कपाळाला हात लावता लावता त्यालाही दिसलं असणार. चकतीत समोरासमोर दोन रिकामी आट्यांची भोकं होती, ज्यांच्यात काहीच बसत नव्हतं. कडीचा साचा सोडताना दोन्ही बाजूंचे स्क्रू बरोबरीनं सोडावे लागतात. एक बाजू आधी सैल झाली की ओली कडी तडकते. तिच्या यार्डात हे नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात, आणि दुसऱ्या दिवशी शिव्या देऊन पक्कं करतात. दोघांनी त्या भोकांत दोन बोल्ट घातले आणि पाने लावले.

"तू अर्धा," ती म्हणाली.

"अर्धा."

"मी अर्धा. थांब. आता तू."

"दिला."

"घाई नगो. गिऱ्हाईक उभं न्हाई दारात."

बोल्ट पुढं सरकत गेले तशी चकती मागून रेटली जात होती. मग हाड मोडावं तसा एक आवाज झाला आणि चकती सुटून खाली अंथरलेल्या जुन्या टायरवर पडली. सुदर्शननं टॉवेलनं तोंड पुसलं आणि म्हणाला, "वैनी, तुमच्या यार्डात नोकरी हाय का एखांदी?"

"तुला झेपायची न्हाई," ती म्हणाली.

शिरूरला लेथवाल्यानं सांगितलं, ठेवून जा, पुढच्या आठवड्यात बघू. सोजरबाईनं चकती त्याच्या दुकानाच्या उंबऱ्यावर ठेवली आणि तिच्यावर ती स्वतः बसली. आत यायचं तर तिला ओलांडून यावं लागायचं, बाहेर जायचं तरी तिला ओलांडून. बसल्या बसल्या तिनं शेंगा खायला घेतल्या. दुपारच्या जेवणाआधी चकती आरशासारखी होऊन तिच्या हातात आली. लेथवाल्याच्या बायकोशी तोपर्यंत तिची एवढी ओळख झाली होती, की परत येताना लोणच्याची बरणी बरोबर होती.

इथवर सगळं छान. पण सोजरबाईचं सगळंच बरोबर असतं असं जर मी लिहिलं तर सुदर्शन मला पुन्हा चहाचे पैसे देणार नाही.

चकती परत बसली, बोल्ट आवळले. नवी प्लेट हातात घेऊन सुदर्शन म्हणाला, "ही स्प्रिंगांची फुगीर बाजू आपल्याकडं, गिअरबॉक्सकडं."

"मागं," सोजरबाई म्हणाली. "चकतीकडं. जुनी तशीच व्हती."

"जुनी तशी न्हवती, वैनी. मी काढली तवा..."

"मी माझ्या डोळ्यांनी बघितली. तू पळत व्हतास तवा."

पळण्याचं नाव निघाल्यावर सुदर्शननं प्लेट तिच्या हातात दिली. माणसाचा एक अपमान किती दिवस वापरायचा याला मर्यादा नाही, आणि ती तर साठवणुकीची बाई. प्लेट उलटी बसली. ती बरोबर मधोमध यायला एक गोल दांडा हवा होता, गिअरबॉक्सच्या शाफ्टऐवजी. सोजरबाई माझ्या घरात शिरली आणि माझ्या बायकोचं, गिताबाईचं, लाटणं घेऊन गेली. लाटण्याची दांडी मागच्या बेअरिंगात बसली, पोट प्लेटच्या भोकात, उरलेली फट चिकटपट्टी गुंडाळून भरली. त्या दिवशी आमच्या घरी भाकरी होती म्हणून निभावलं.

सगळं जोडलं. पुढचं धड, सांगाडा, काटे. सोजरबाई चढली, इंजिन सुरू झालं, लोकांनी टाळ्या वाजवायला हात वर केले. तिनं क्लच दाबला, गिअर टाकला, आणि दगड दळल्यासारखा आवाज झाला. पुन्हा दाबला, पुन्हा तोच आवाज. क्लच सुटतच नव्हता. पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सला सोडत नव्हतं.

सुदर्शननं बिडी पेटवली. तो न बोलणं किती चांगलं करू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. पौर्णिमा परवावर आली होती.

सोजरबाईनं इंजिन बंद केलं. खाली उतरली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिली, टॉवेल पुढं ओढून. कुंपणावरच्या मंडळींनीही एकमेकांकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच कुणी टोमणा मारला नाही. माझ्याही तोंडात एक छान वाक्य आलं होतं, ते मी गिळलं. बऱ्याच वेळानं ती खाली आली, सुदर्शनपुढं उभी राहिली, आणि त्याच्या हातातली बिडी काढून विझवली.

"खोल," ती म्हणाली. "तुझ्या म्हनन्यापरमानं बसव."

"फुगीर बाजू कुठं, वैनी?"

"आता काय लिहून दिऊ?"

"न्हाई. नुसतं सांगा."

"गिअरबॉक्सकडं," ती म्हणाली, आणि एवढा एक शब्द बोलायला तिला एक कडी ओतण्याइतका वेळ लागला. पण संध्याकाळी सुदर्शनच्या घरी पिठलं, भाकरी आणि ते शिरूरचं लोणचं गेलं. बरणीसकट.

दुसऱ्यांदा काम सगळ्यांना पाठ होतं. सांगाडा उतरवायला माणसं न बोलावता आली. शेवटचा बोल्ट निघायच्या आत आम्ही आपापल्या जागेवर जाऊन बसलो होतो, ज्याची त्याची जागा ठरलेली. एक जण माझ्या जागी बसला तर मी त्याला उठवलं. मशीन या वेळी जागची हलली नाही. लाटणं पुन्हा आलं. गिताबाईनं ते स्वतः आणून दिलं आणि बघायला थांबली.

या वेळी गिअर टाकला तेव्हा काहीच आवाज झाला नाही. मशीन नुसती पुढं गेली. सोजरबाईनं ती यार्डभर फिरवली, मग एक कडी उचलली, एवढी हळू की कडीवर ठेवलेला माझा चहाचा ग्लास हलला नाही. ग्लास मीच ठेवला होता, सांडेल म्हणून.

पौर्णिमेच्या सकाळी मशीन ट्रकवर चढवून भीमा ओलांडली. आम्ही जीपनं मागं. वस्तीच्या तोंडाशी ती खाली उतरवली आणि सोजरबाईनं तिथून चालवत आत नेली. निळे झेंडे, पंचशील ध्वज, पांढऱ्या साड्यांतल्या बाया, स्पीकर. बांबू भिंतीला टेकवून ठेवलेले, तालमीतली पोरं बनियनवर तयार. सुमित पुढं आला.

"आत्या, आता क्लच बरा हाय न्हवं? न्हाईतर पोरं हायेत."

"पोरांना म्हनावं, सावलीला बसा."

पायऱ्यांवर मुरूम दाबून उतार केला होता, आत फरशीवर लाकडी फळ्या. मूर्तीला पट्टे बांधून काट्यांना अडकवली. मशीननं ती जमिनीपासून वीतभर उचलली. उतारावर मधोमध आल्यावर मशीन थांबली. मूर्ती किंचित झुलली. सुमित दोन्ही हातांनी "दाएं, बाएं" करत होता, पोपटानं डोळे मिटून घेतले होते. माझ्या शेजारी सुदर्शन उभा होता, त्याचा पाय जमिनीवर आपोआप क्लच दाबत होता. मूर्तीचं झुलणं पुरतं थांबेपर्यंत बाईनं वाट बघितली. मग मला तिचा आवाज ऐकू आला, इंजिनाच्या आवाजाखालून, कुणाला तरी थोपटावं तसा.

"चल बेटा. धीरे. अंडा समझ के."

मशीन इंच इंच वर गेली. ना थरथर, ना झटका. दारातून आत, स्लॅबखालून, चौथऱ्यापर्यंत. मूर्ती वर उचलली, पुढं नेली, आणि दुधानं काठोकाठ भरलेलं भांडं आपण जसं खाली ठेवतो तशी खाली ठेवली. पट्टे निघाले. काळा बुद्ध चौथऱ्यावर मधोमध बसला होता, डोळे मिटून. बाहेरून "साधू, साधू, साधू" असा जो आवाज उठला, तो विहाराच्या नव्या भिंतींनी दोनदा परत दिला. बाया रडत होत्या. यावेळी पोपटाची बायकोही मनापासून रडली, मी स्वतः पाहिलं. सुदर्शन लोकांना सांगत होता, की फुगीर बाजू गिअरबॉक्सकडं असते. कुणाला काही कळत नव्हतं, पण सगळे माना हलवत होते.

सुमितनं माईक हातात घेतला. मिटिंगची सवय सुटत नाही. त्यानं देणगीदारांचे आभार मानले, मंडपवाल्याचे मानले, तालमीतल्या पोरांचे मानले. मग म्हणाला, "आणि आपल्या वस्तीचे आदरणीय पोपटराव, यांच्या भगिनींच्या मशीनमुळं हे कार्य पार पडलं, त्याबद्दल पोपटरावांचे मंडळातर्फे..."

सोजरबाई अजून मशीनवरच बसली होती. तिनं हॉर्न दाबला. स्पीकर, सुमित आणि वस्ती, सगळे गप्प झाले.

"पोपट माझा भाऊ हाय, मशीनचा न्हाई. मशीन सोजरबाईची हाय आन् चालिवली बी सोजरबाईनं. तवा नाव सोजरबाईचं घे, आन् जड जात आसंल तर माईक हिकडं दे, मी घेते."